मुलाखत नको, गप्पा मार

कॅथरिन हेपबर्न त्या दिवशी फक्त स्टुडिओ बघायला आली होती. साल 1973. हॉलिवूडमध्ये चाळीस वर्षं काढलेली ही बाई तोवर टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात कधी बसली नव्हती. रात्रीच्या गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या डिक कॅव्हेटचं आमंत्रण आलं तेव्हा तिने आधी जागा बघते म्हणून सांगितलं. आल्या आल्या गालिच्याला नावं ठेवली, टेबल धड नाही म्हणाली, सेटवरच्या कामगारांना सूचना द्यायला लागली. आणि मग एकदम म्हणाली, आलेच आहे तर आत्ताच करून टाकू या की! समोर प्रेक्षक नाहीत, कुणाची तयारी नाही. कॅमेरे तेवढे सुरू होते. ती कुरकुर, ती हलवाहलव सगळी टेपवर उतरली. बघताना मुलाखत नेमकी कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एबीसी वाहिनीने ती दोन रात्री दाखवली.

मी ती पाहिली त्यानंतर कित्येक वर्षांनी, यूट्यूबवर, पुण्यात, घरातले सगळे झोपल्यावर. अमेरिकेत मी कधी राहिले नाही. हे कार्यक्रम तिकडे लागायचे तेव्हा आपल्याकडे मुंबई दूरदर्शन नुकतं, म्हणजे 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालेलं, आणि संध्याकाळचे थोडे तास चालून बंद होणारं. रात्री साडेअकराला टीव्ही लावायचा आणि दोन माणसांना बोलताना बघत झोपेची वाट पाहायची ही सवय इकडे कुणाला असणार? तरीही कॅव्हेट, कार्सन, लेटरमन या अमेरिकी सूत्रधारांच्या जुन्या मुलाखती लावल्या की मला चक्क घरची आठवण यावी तसं होतं. जे आपण जगलोच नाही त्याची ओढ का वाटावी, याचा मी बराच विचार केला आहे.

आधी थोडा इतिहास. एनबीसी वाहिनीवर 'द टुनाइट शो' 27 सप्टेंबर 1954 ला सुरू झाला. पहिला सूत्रधार स्टीव्ह ॲलन. 1957 पासून जॅक पार, आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून जॉनी कार्सन, तो थेट 22 मे 1992 पर्यंत. तीस वर्षं एकच माणूस, तेच टेबल, शेजारी त्याचा जोडीदार एड मॅकमेहन आणि त्याचं नाव घेताना त्याने दिलेला तो लांबवलेला पुकारा. आधी कार्यक्रम न्यूयॉर्कमधून व्हायचा, 1972 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकला गेला.

यातला जॅक पार मला फार ओढून घेतो. हळवा, तापट, कधी काय करेल याचा नेम नाही. फेब्रुवारी 1960 मध्ये त्याचा एक साधा विनोद वाहिनीने त्याला न विचारता कापला, तर दुसऱ्या रात्री तो कार्यक्रम सुरू असतानाच उठून निघून गेला. महिनाभराने परत आला आणि पहिलं वाक्य बोलला: तर मी काय सांगत होतो, मला मध्येच तोडलं त्याआधी... त्याच्याकडे विनोद लिहिणाऱ्यांत नेब्रास्काचा एक तरुण होता, डिक कॅव्हेट. पुढे कॅव्हेटला स्वतःचा कार्यक्रम मिळाला तेव्हा पारने त्याला एक सल्ला दिला. मुलाखती घेऊ नकोस, पोरा. मुलाखत म्हणजे हातात कागद आणि तुमचा आवडता रंग कोणता. तू गप्पा मार.

कॅव्हेटने तो ऐकला. डिसेंबर 1969 पासून एबीसीवर रात्री त्याचा दीड तासाचा कार्यक्रम सुरू झाला. समोर कार्सनसारखा पहाड. लोकप्रियतेत कॅव्हेट कधीच त्याच्या जवळपास पोचला नाही, आणि 1973 मध्ये तर वाहिनीने त्याला महिन्यातला एकच आठवडा ठेवला. पण आज मागे जाऊन बघताना माझा हात आधी त्याच्याच कार्यक्रमाकडे जातो. कारण दीड तासात माणूस दमतो. ठरवून आणलेले तीन किस्से संपतात, हशा मिळवून झालेला असतो, सिनेमाचं नाव सांगून झालेलं असतं, आणि अजून चाळीस मिनिटं शिल्लक असतात. त्या चाळीस मिनिटांत जे बाहेर येतं त्यासाठी मी जागते.

नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स 1970 मध्ये त्याच्याकडे आला होता. चर्चिलचा किस्सा त्याने तिथे सांगितला. युद्धानंतरचं व्हेनिस. वेल्स एका धनिकाकडून सिनेमासाठी पैसे मिळवायच्या खटपटीत. दोघं हॉटेलात शिरत असताना तिथे बसलेल्या चर्चिलने वेल्सकडे बघून मान लववली. धनिक गार! पैशाची बोलणी एकदम सोपी झाली. दुसऱ्या दिवशी वेल्स समुद्रात पोहत होता, बघतो तर शेजारी चर्चिल. त्याने पोहता पोहता आभार मानले, तुमच्या त्या नमस्काराने माझं काम झालं म्हणाला. पुढच्या वेळी वेल्स त्या धनिकाबरोबर आत आला तेव्हा चर्चिल खुर्चीतून उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला. किस्सा तर भारी आहेच. पण मला बघायला आवडतो तो कॅव्हेट. वेल्स बोलतो तेव्हा तो हलत नाही. मध्ये एकही शब्द घालत नाही. श्रोता कसा असावा, तर असा.

आणि तो सोफा! पाहुणा आधी सूत्रधाराच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. दुसरा पाहुणा आला की पहिला सरकून सोफ्यावर जायचा, पण निघून जायचा नाही. तिथेच बसून ऐकायचा, मध्ये बोलायचा, कधी भांडायचाही. जेनिस जॉप्लिनसारखी गायिका, कुणी लेखक, कुणी खेळाडू एकाच रांगेत. 1971 च्या डिसेंबरात नॉर्मन मेलर आणि गोर व्हिडाल हे दोन लेखक कॅव्हेटच्या मंचावर एकमेकांवर तुटून पडले आणि मधोमध बसलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या जॅनेट फ्लॅनर या पत्रकार बाईंनी दोघांनाही सुनावलं. मेलर चिडून कॅव्हेटला म्हणाला की कागदावरचा पुढचा प्रश्न विचार. त्यावर कॅव्हेटने त्याला तो कागद कुठे घालायचा ते सांगितलं. हे सगळं आधी कुणी लिहून दिलेलं नव्हतं. साहित्यिक रात्री बारा वाजता राष्ट्रीय वाहिनीवर इतक्या जिवावर उदार होऊन भांडताहेत आणि लाखो लोक अंथरुणात बसून बघताहेत, ही गोष्टच मला थरारून टाकते.

आमचे एक काका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोला शिकायला गेले. 1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियाई लोकांना मोकळी झाली, त्यानंतर गेलेल्या मराठी मुलांपैकी ते एक. पूर्व किनाऱ्यावर साडेअकराला लागणारा कार्सन शिकागोत साडेदहाला लागायचा. ज्या घरात खोली घेऊन राहत होते तिथल्या बैठकीत टीव्ही होता, आणि रात्री घरमालकीण त्यांना बोलवायची. सुरुवातीचं स्वगत, त्यातले राजकारणावरचे टोमणे त्यांना महिनोन्महिने कळले नाहीत. पण पाहुणा खुर्चीत बसला की कळायला लागायचं. ही माणसं एकमेकांना टाळी कशी देतात, नाही कसं म्हणतात, वयाने मोठ्या माणसाची थट्टा कुठवर करतात, हे आपण कॉलेजात नाही, त्या बैठकीत शिकलो, असं काका सांगतात. त्या काळी घरी फोन करणं परवडायचं नाही. आठवडा आठवडा मराठी कानावर पडायचं नाही. दिवस संपताना कुणीतरी माणसासारखं बोलतंय, एवढा त्यांना त्या कार्यक्रमाचा आधार होता. पुण्यात येऊन त्यांनी आम्हा मुलांना कार्सनची नक्कल करून दाखवली होती. गोल्फची काठी फिरवल्यासारखे हात करायचे. कार्सन कोण हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण काकांचा चेहरा उजळलेला दिसायचा.

काकांनीच मला बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या मुलाखतीबद्दल सांगितलं. 23 नोव्हेंबर 1971, कॅव्हेटचाच कार्यक्रम. हॅरिसन आधी अवघडलेला, एकेका शब्दात उत्तरं देणारा. कॅव्हेट घाई करत नाही. हळूहळू माणूस मोकळा होतो आणि मग विषय निघतो बांगलादेशच्या निर्वासितांचा. 1 ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने आणि पंडित रविशंकरांनी केलेल्या मैफिलीचा अल्बम कंपन्यांच्या घोळात अडकला होता. हॅरिसन टीव्हीवरूनच कॅपिटॉल रेकॉर्ड्सच्या प्रमुखाला, भास्कर मेनन यांना, आव्हान देतो: मी अल्बम काढणार, करा माझ्यावर खटला, भास्कर! एका बीटलच्या तोंडून अमेरिकेच्या रात्रीच्या टीव्हीवर एका मल्याळी माणसाचं नाव. त्याच कार्यक्रमात रविशंकरही येऊन बसतात. त्यांचं मूळ कुटुंब पूर्व बंगालमधलं, त्यामुळे हे दुःख त्यांच्यासाठी बातमीतलं नव्हतं. ते शांतपणे बोलतात, आवाज जराही चढत नाही. त्यानंतर दहाच दिवसांनी भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झालं. हे ठाऊक असून ती मुलाखत बघताना छातीत काहीतरी दाटतं. अल्बम डिसेंबरात निघाला.

मार्लन ब्रँडोची मुलाखत याच्या अगदी उलट. जून 1973. ऑस्कर नाकारून तीनच महिने झालेले, आणि त्याला सिनेमाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते अमेरिकेतल्या आदिवासींबद्दल. त्यासाठी तो वेगवेगळ्या जमातींचे प्रतिनिधी बरोबर घेऊन आला होता. कॅव्हेट अभिनयाबद्दल विचारतो, तो टाळतो. पुन्हा विचारतो. मग ब्रँडो म्हणतो की अभिनय सगळेच करतात, त्याशिवाय माणूस एक क्षण तगणार नाही. घरी, कामावर, नको असलेल्या माणसाशी हसून बोलताना आपण हेच तर करत असतो. हे त्याने उगाच टोलवलेलं उत्तर आहे, असं मला वाटायचं. आता वाटतं, अभिनयाबद्दल यापेक्षा खरं फार थोडं कुणी बोललं असेल. त्या रात्री कार्यक्रमानंतर दोघं चायनाटाउनमध्ये जेवायला निघाले, वाटेत मागे लागलेल्या रॉन गॅलेला या छायाचित्रकाराच्या जबड्यावर ब्रँडोने ठोसा मारला, जबडा मोडला. लोकांना आठवतो तो ठोसा. मला आठवतात ती मधली शांत मिनिटं, जेव्हा ब्रँडो नुसता समोर बघत बसतो आणि कुणी ती जागा भरून काढायची घाई करत नाही.

आठवणीबद्दल बोलायचं तर जे. आय. रोडेलची गोष्ट सांगायला हवी. सेंद्रिय शेतीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कर्ता, वय 72. जून 1971 मध्ये तो कॅव्हेटकडे आला, छान बोलला, आपण शंभर वर्षं जगणार असं त्याने सगळीकडे सांगितलेलंच होतं. मग बाजूला सरकून बसला, कॅव्हेट पुढच्या पाहुण्याशी, पीट हॅमिल या पत्रकाराशी, बोलू लागला, आणि तिथेच बसल्या जागी रोडेलला मृत्यू आला. ते चित्रीकरण कधीच दाखवलं गेलं नाही. त्या रात्री जुना भाग लावला. तरीही पुढे अनेक वर्षं लोक कॅव्हेटला भेटून सांगायचे, आम्ही तो कार्यक्रम पाहिला होता, तुमचा तेव्हाचा चेहरा विसरता येत नाही! हे त्याने स्वतः लिहिलं आहे. ती माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. ऐकलेलं इतकं जवळचं होतं की ते पाहिलेलं झालं. माझी ओढही याच जातीची असावी. काकांच्या तोंडून ऐकलेल्या शिकागोच्या त्या बैठकीत मी इतक्यांदा बसले आहे की तिथला गालिचा मला दिसतो.

त्या काळाचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. सूत्रधाराच्या खुर्चीत बसणारे जवळपास सगळे गोरे पुरुष. नट्यांना दिसण्याबद्दल, लग्नांबद्दल जे विचारलं जायचं ते आज ऐकवत नाही. कार्सन नसताना त्याची जागा सांभाळणाऱ्या जोन रिव्हर्सने 1986 मध्ये दुसऱ्या वाहिनीवर स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम घेतला, तर कार्सन तिच्याशी पुन्हा बोलला नाही. पाहुणे बोलावण्यामागे त्या वेळीही सिनेमा विकणं हेच कारण असायचं. आणि सत्तेला हे कार्यक्रम खुपायचेही. व्हिएतनामवरून कॅव्हेटकडे वाद झाले, त्यांवर व्हाइट हाउसची नजर होती. कॅव्हेटला कसं अडकवता येईल याची चौकशी निक्सन आपल्या माणसाकडे करतो, हे निक्सनच्याच टेपांत ऐकायला मिळतं. रात्री बाराला चाललेल्या गप्पांची राष्ट्राध्यक्षाला भीती वाटावी, यातच त्यांचं वजन कळतं.

कार्सन कॅव्हेटइतका खोलात जायचा नाही, हे खरं. पण त्याचं कसब वेगळं होतं. कार्यक्रमाआधी तो पाहुण्यांना भेटायचं टाळायचा, म्हणजे जे काही घडेल ते कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा घडेल. आणि पाहुण्याला जिंकू द्यायचा. 1981 मध्ये वृद्ध नट जेम्स स्टुअर्ट खिशातून कागद काढून आपल्या मेलेल्या कुत्र्यावर, बो नावाच्या कुत्र्यावर केलेली कविता वाचतो. सुरुवातीला लोक हसतात, कारण कुत्रा कधीच कुणाचं ऐकायचा नाही. मग कविता रात्रीवर येते. अंथरुणात तो मध्ये येऊन झोपलाय असं वाटतं, हात पुढे जातो, आणि तिथे कुणी नसतं. स्टुअर्टचा आवाज कापतो. कार्सन डोळे पुसतो. त्यावर तो काही बोलत नाही, आणि मला त्याचं सगळ्यात मोठेपण तिथे दिसतं.

1980 मध्ये कार्सनचा कार्यक्रम दीड तासावरून एका तासावर आला. त्याला तसंच हवं होतं, आणि तेवढ्या वर्षांच्या कामानंतर ते त्याचं मागणं रास्तही होतं. पण सोफ्यावर बसून राहणारे पाहुणे तिथून कमी व्हायला लागले, असं मला वाटतं. आता पाहुणा येतो, सहा-सात मिनिटं बोलतो, एक खेळ खेळतो, जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा तुकडा फोनवर येतो. मी ते तुकडे बघते, हसते, आणि संध्याकाळी काय पाहिलं ते आठवत नाही.

तरी डेव्हिड लेटरमनने एकदा तासभर एकाच माणसाला दिला. 30 ऑक्टोबर 2002. वॉरन झेवॉन हा गायक, फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाच्या कर्करोगाने मरणार हे ठरलेलं. लेटरमनच्या कार्यक्रमात तो अनेक वर्षं येत होता, बँडच्या म्होरक्याची जागा सांभाळत होता. दोघं मित्र, म्हणून दोघांनाही रडायचं नाही असं ठरवल्यासारखं वागत होते. लेटरमन विचारतो, जगण्यामरण्याबद्दल तुला असं काही कळलंय का जे मला माहीत नाही? झेवॉन म्हणतो, प्रत्येक सँडविच किती चवीने खायला हवं तेवढं कळलं. मग तो गातो, तीन गाणी, आवाज थकलेला. कार्यक्रमानंतर आपली गिटार त्याने लेटरमनला देऊन टाकली. सप्टेंबर 2003 मध्ये तो गेला. माझ्या घरी एका आजारपणात मी ही मुलाखत पुन्हा पुन्हा लावत असे. त्यातून धीर यायचा असं नाही. पण अशा वेळी बोलायचं कसं, हे त्या दोघांकडे बघून थोडं जमलं. प्रश्न सरळ विचारायचा, आणि उत्तर ऐकून घ्यायचं.

याच लेटरमनने 2005 मध्ये ऐश्वर्या रायला विचारलं होतं की तुम्ही अजून आईवडिलांजवळ राहता, भारतात हे सर्रास चालतं का. तिचं उत्तर आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे: आमच्याकडे आईवडिलांबरोबर जेवायला त्यांची वेळ घ्यावी लागत नाही. टाळ्यांचं उत्तर, आणि तिने दिलंही झकास. पण मला नेहमी वाटतं, तिला आणखी अर्धा तास मिळायला हवा होता. टाळ्या ओसरल्यानंतरची ऐश्वर्या काय बोलली असती?

आता वाईट वाटणारी गोष्ट. कार्सनच्या पहिल्या दहा वर्षांतल्या बहुतेक टेपा एनबीसीने पुसून त्यांवर दुसरं काही मुद्रित केलं. टेप महाग होती आणि गप्पा कुणी जपून ठेवतं का, असा तेव्हाचा विचार. 1 ऑक्टोबर 1962 ला विनोदी नट ग्राउचो मार्क्सने कार्सनला मंचावर आणलं, त्याचं चित्रण शिल्लक नाही, नुसता आवाज आहे. आपल्याकडेही दूरदर्शनच्या आणि आकाशवाणीच्या कितीतरी मुलाखती अशाच गेल्या. ज्या वाचल्या त्या कुणातरी कर्मचाऱ्याने कपाटात दडवल्या म्हणून. कॅव्हेटचा बराच संग्रह टिकला, आणि आज तो फोनवर फुकट बघता येतो, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या दिवाळीत मी त्यांना हेपबर्नची मुलाखत लावून दिली, ती त्यांनी तेव्हा पाहिली नव्हती. ती गालिच्याला नावं ठेवायला लागली तेव्हाच ते सावरून बसले. तुम्हाला बघायची असेल तर दोन्ही भाग सलग बघा, इकडून तिकडून काढलेले तुकडे नकोत. इंग्रजी जलद वाटली तर खाली अक्षरं लावा. सुरुवातीला ती नुसती सामान हलवत असते, ती मिनिटं पुढे ढकलू नका. तिथून वेल्सकडे जा, मग हॅरिसनकडे. ब्रँडो शेवटी ठेवा, रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा.